पंप घेतला का, एवढंच विचारून भागत नाही

ज्या घरात कोणाला श्वासाचा पंप चालू असतो त्या घरात दिवसातून एक प्रश्न हमखास विचारला जातो, पंप घेतला का? समोरून हो येतं आणि आपण डबा, लोकल, पोरांची शाळा या गडबडीत परत घुसतो. तो कसा घेतला, कुठला घेतला, औषध आत गेलं की तोंडातच राहिलं, हे कोणी बघत नाही. घरातले बघत नाहीत, मेडिकलवाला बघत नाही, आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे की दवाखान्यातसुद्धा बऱ्याचदा कोणी बघत नाही. चिठ्ठीवर नाव लिहायचं, सकाळी दोन संध्याकाळी दोन सांगायचं, की पुढचा पेशंट. गोळीचं ठीक आहे, गिळली की गेली पोटात. पंपाचं तसं नाही. औषध कितीही चांगलं असलं तरी हाताचा आणि श्वासाचा मेळ बसला नाही तर ते घशाला लागून तिथेच संपतं, आणि मग माणूस सांगत राहतो की मला पंपाने काही फरकच नाही.

हे सगळं मला नानांमुळे कळलं. नाना म्हणजे माझे वडील. मूळचे पाटणकडचे, आयुष्यभर माथाडी, आधी मस्जिद बंदरला आणि मग बाजार इकडे नवी मुंबईत आला तसे इकडे, मसाला मार्केटला. आम्ही कोपरखैरण्यात वाढलो ते त्यामुळेच. मिरचीची गोणी उतरवताना उडणारा खकाणा ज्याने अनुभवलाय त्यालाच माहीत, पहिल्यांदा जाणारा माणूस गल्लीच्या तोंडाशीच शिंकायला आणि ठसकायला लागतो, आणि ही माणसं त्यात दिवसच्या दिवस तोंडाला गमछा बांधून काम करत होती. वर विडी होतीच. आणि लहानपणी गावाला एका खोलीतली चूल, जिचा धूर कौलातून जाईल तेव्हा जाईल. डॉक्टरांनी सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद करणारा फुप्फुसाचा आजार, सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न विडीचाच आला, तो बरोबरच आहे, पण धूळ आणि चूल यांचाही वाटा असतो, आणि ज्या बायकांनी जन्मात विडी हातात धरली नाही त्यांनाही निव्वळ चुलीच्या धुराने हाच आजार होतो. गावाकडे अशा कितीतरी आज्या-मावश्या वय झालं म्हणून धाप लागते असं म्हणत बसलेल्या असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे ३५ लाख माणसं सीओपीडीने गेली, मृत्यूच्या कारणांत चौथा नंबर. तरी आपल्याकडे नाव विचारलं तर दहातले नऊ जण दमा म्हणतील.

दमा आणि हे एक नाही. दम्यात नळ्या आवळतात आणि औषधाने बऱ्याच अंशी परत मोकळ्या होतात, सीओपीडीत नळ्या कायमच्या अरुंद आणि सुजलेल्या होतात, फुप्फुसातले बारीक फुगे फाटतात, आणि मुख्य त्रास श्वास आत घ्यायचा नसून बाहेर सोडायचा असतो. जुनी हवा पुरती निघायच्या आत नवी आत येते. नानांना मी हे बाजाराच्या भाषेत सांगितलं, की गेटातून ट्रक आत येतच चाललेत आणि खाली झालेल्या गाड्यांना बाहेर पडायला वाट नाही. ते लगेच म्हणाले, "मग कोंडी हुणारच की." पंप त्या कोंडीत वाट थोडी रुंद करतो, नळ्यांभोवतीचे आवळलेले स्नायू सैल करतो. फाटलेलं फुप्फुस तो शिवत नाही आणि विडीचं नुकसान भरून काढत नाही, म्हणून पंप चालू असताना विडीही चालू ठेवणं म्हणजे औषध वाया घालवणं आहे. नानांनी विडी सोडली. सोपं नव्हतं, पण सोडली.

पण पंप मात्र लपवायचे. हे मी खूप घरांत बघितलंय. गोळ्यांचा डबा टीव्हीजवळ सगळ्यांना दिसेल असा ठेवतील आणि पंप उशीखाली. मुलीच्या लग्नाचं बघताना तर त्याचं नावही काढायचं नाही. नानांचं म्हणणं होतं, "ह्यो लागला म्हंजी संपलंच की गं. याची सवय लागती, मग सुटत न्हाय." आणि त्यापेक्षा मला गोळी द्या, बाटली द्या, सुई द्या. हा समज इतका घट्ट आहे की त्याच्याशी नीट बोलावं लागतं, हसून सोडून देऊन चालत नाही.

मी त्यांना आकडे सांगितले, कारण हिशोबाचा माणूस आहे. साल्ब्युटामॉल या नळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाचा साधा पंप एका दाबाला १०० मायक्रोग्रॅम औषध देतो. त्याच औषधाची गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची असते. म्हणजे ४ मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे पंपाचे ४० दाब. ती गोळी पोटातून रक्तात, रक्तातून हृदयाला, हातापायांना, सगळीकडे फिरून मग थोडी छातीपर्यंत पोचते, आणि तोपर्यंत छाती धडधडायला आणि हात थरथरायला लागलेले असतात. पंप थेट जागेवर जातो म्हणून इतका कमी लागतो आणि काही मिनिटांत काम सुरू करतो. जड औषध कुठलं आणि हलकं कुठलं हे यावरून बघा. सवयीचं म्हणाल तर ज्याला रोज चष्मा लागतो त्याला आपण चष्म्याची सवय लागली असं म्हणत नाही. आजार कायमचा आहे म्हणून औषध कायमचं आहे.

पण लोकांच्या भीतीला अगदीच काही मूळ नाही असंही नाही, आणि तेही प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. दर दाबाला मोजून औषध देणारा पहिला पंप १९५६ साली अमेरिकेत बाजारात आला, रायकर नावाच्या कंपनीचा, आणि त्यामागची गोष्ट अशी की कंपनीच्या प्रमुखाच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीने वडिलांना विचारलं होतं की माझं औषध केसांच्या स्प्रेसारखं डब्यातून का येत नाही. त्या काळातली औषधं नळ्यांबरोबर हृदयालाही जोरात हलवायची. १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये आणि आणखी काही देशांत दम्याने मरणाऱ्यांची संख्या एकदम वाढली आणि आयसोप्रेनलीन या त्या काळच्या औषधाचे जास्त ताकदीचे पंप लोक वारेमाप मारत होते त्याच्याशी त्याचा संबंध जोडला गेला. त्यानंतर १९६९ला साल्ब्युटामॉल आलं, जे हृदयापेक्षा श्वासनळ्यांवर जास्त काम करतं. आमच्या घरात १९६९ हे साल माथाडी कायद्यासाठी पाठ आहे, नाना ते अजून अभिमानाने सांगतात, तर मी त्यात ही एक भर घातली. मुद्दा हा की तेव्हाही शिकायला मिळालं ते हेच, की दम भरून आलाय म्हणून नुसता पंपावर पंप मारत घरी बसणं धोक्याचं आहे. वारंवार लागणारा पंप सांगत असतो की आजार बिघडतोय, उठा, डॉक्टरांकडे जा.

आता नानांची मूळ गोष्ट. पंप सुरू होऊन बराच काळ झाला होता आणि धाप जशीच्या तशी. एका छातीच्या ओपीडीत एक तरुण मुलगी होती, डॉक्टर नव्हती, फुंकायची टेस्ट घेणारी होती, तिने चिठ्ठी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "काका, तुमचा पंप काढा आणि घेऊन दाखवा मला." नानांनी टोपण काढलं, पंप तोंडासमोर धरला, दाबला, आणि तोंडातून पांढरा धूर बाहेर आला. दाबायच्या वेळी त्यांचा श्वास बंदच होता. सगळं औषध जिभेवर आणि हवेत. ती रागावली नाही, तिने शांतपणे बसवून शिकवलं, आणि ते मी तिथे उभं राहून बघितलं म्हणून आज लिहू शकतेय.

पंप आधी नीट हलवायचा. टोपण काढून आत काही अडकलंय का बघायचं, खिशातली सुपारी, कागदाचा तुकडा, काहीही असू शकतं. नवीन असेल किंवा बरेच दिवस वापरला नसेल तर सोबतच्या कागदावर लिहिलंय तेवढ्या वेळा हवेत उडवून घ्यायचा. मग ताठ बसून आतला श्वास जमेल तितका सोडायचा, हीच पायरी सगळे गाळतात, आणि ज्याच्या छातीत जुनी हवा कोंडलीय त्याने ती आधी काढली नाही तर औषधाला जागा कुठून मिळणार. पंपाचं तोंड दातांमध्ये धरून त्याभोवती ओठ घट्ट मिटायचे, हळूहळू श्वास आत घ्यायला सुरुवात करायची आणि सुरुवात केल्यावर एकदा दाबायचं, एकदाच, आणि तो श्वास तसाच सावकाश तीन ते पाच सेकंद ओढत राहायचं. मग जमलं तर दहा सेकंद धरून ठेवायचा. दुसरा दाब लगेच नाही, अर्धा ते एक मिनिट थांबून, परत हलवून. आणि हे सगळं जमवूनही औषधाचा थोडाच भाग, साधारण दहा ते वीस टक्के, फुप्फुसात पोचतो, तर न जमवता किती पोचत असेल याचा विचार करा.

ज्यांचा हात आणि श्वास जुळतच नाही, आणि म्हाताऱ्या माणसांचा, संधिवातवाल्यांचा नाहीच जुळत, त्यांच्यासाठी स्पेसर आहे. तो प्लास्टिकचा नळा. औषध आधी त्यात थांबतं आणि माणूस आपल्या वेळेने ओढतो, सावकाश एक लांब श्वास जमत नसेल तर पाच-सहा साधे श्वास घेतले तरी चालतात. दाब मात्र एका वेळी एकच, दोन-तीन एकदम मारून ठेवले तर औषध एकमेकांत आदळून भिंतींना चिकटतं. धुवायचा साबणाच्या कोमट पाण्यात आणि फडक्याने न पुसता तसाच निथळू द्यायचा, पुसला की प्लास्टिकला स्टॅटिक येतं आणि औषध त्यालाच चिकटून बसतं. आमच्या आईला हे पटायला वेळ लागला, तिला भांडं पुसल्याशिवाय चैन पडत नाही. स्पेसर मोठा दिसतो म्हणून पुरुषमाणसं घ्यायला लाजतात. मला वाटतं ही लाज फार महागात पडते.

आणि मग कॅप्सूलवाले पंप, रोटाहेलर वगैरे. त्यांचं बरोबर उलटं आहे. त्यात गॅस नाही, पावडर आहे, ती आपल्याच श्वासाच्या जोराने उडते, म्हणून तिथे श्वास जोरात आणि खोल ओढायचा. एकाला हळू, दुसऱ्याला जोरात. एकाच माणसाला दोन्ही दिलेले असतात आणि हा फरक कोणी सांगितलेला नसतो. फुंकर बाजूला तोंड करून सोडायची, यंत्रात नाही, नाहीतर तोंडाची ओल आत जाऊन पावडर चिकटते. ओढून झाल्यावर उघडून बघायचं, पावडर उरली असेल तर परत ओढायचं. आणि कॅप्सूल गिळायची नसते, हे हसण्यावारी नेऊ नका, आमच्याच बिल्डिंगमधल्या एक काकू कितीतरी दिवस सकाळ-संध्याकाळ पाण्याबरोबर घेत होत्या, कारण डब्यात कॅप्सूल आहे तर ती गिळायची असंच त्यांना आयुष्यभर माहीत. दोष त्यांचा नाहीच. आपल्याकडे पावसाळ्यात चार महिने कपडे वाळत नाहीत, तर या कॅप्सूल काढून गोळ्यांच्या डबीत वारांप्रमाणे भरून ठेवू नका, घ्यायच्या वेळीच बाटलीतून काढा आणि झाकण घट्ट लावा.

दोन पंपांची अदलाबदल हा आणखी एक मोठा घोळ. एक असतो लगेच मोकळं करणारा, साल्ब्युटामॉल, लेव्होसाल्ब्युटामॉल, कधी त्यात इप्राट्रोपियम, त्याचा जोर चार ते सहा तास. दुसरा असतो रोजचा, टायोट्रोपियम दिवसातून एकदा, फॉर्मोटेरॉल किंवा साल्मेटेरॉल साधारण दोनदा, काहींच्यात स्टेरॉइडही असतं. रोजचा बरं वाटत असलं तरी घ्यायचा, लगेचचा धाप लागेल तेव्हा किंवा डॉक्टरांनी सांगितलंय तसा. लोक काय करतात, लगेचच्याने फरक कळतो म्हणून तोच घेतात आणि रोजचा, ज्याने काही जाणवत नाही आणि जो महाग असतो, तो बंद करतात. रंगावर विसंबू नका, वेगवेगळ्या कंपन्यांचे रंग वेगळे. नानांच्या एका पंपावर मी जाड मार्करने रोज लिहिलंय, दुसऱ्यावर धाप. स्टेरॉइडवाला घेतला की चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरं बुरशीसारखं येतं.

संपला की नाही हेही बघावं लागतं. काहींवर आकडा असतो, काहींवर नसतो. पाण्यात टाकून तरंगतो का बघायची जुनी युक्ती सोडून द्या, औषध संपलं तरी गॅस उरतो, फुस्स आवाज येतो आणि माणसाला वाटतं चालू आहे. २०० दाबांचा पंप रोज आठ दाबांना २५ दिवस पुरतो, हा हिशोब करून सुरू केल्याची तारीख त्यावरच लिहायची. उन्हात उभ्या गाडीत ठेवायचा नाही, गॅसशेजारी, देवघरात दिव्याजवळ नाही, रिकामा झाला तरी जाळायचा किंवा भोसकायचा नाही. गावाला जाताना एसटीच्या डिकीतल्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवायचा.

त्रासाचंही बोलते. पंपानंतर हात थोडे थरथरणं, छातीत धडधड, पायात गोळे येणं हे होऊ शकतं, जास्त मारला की पोटॅशियम कमी होतं आणि ते हृदयाच्या ठोक्यांना बरं नाही. थरथर बघून दुसऱ्या कोणी प्रोप्रॅनोलॉल दिलं तर तेच श्वासनळ्या आवळू शकतं. काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंब नुसते डोळ्यात घातले तरी तसं करू शकतात, म्हणून डोळ्याच्या डॉक्टरांनाही पंप दाखवायचा. इप्राट्रोपियम, टायोट्रोपियम यांनी तोंड कोरडं पडतं, प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अडू शकते, आणि ती गोष्ट आपली वडीलमाणसं मुलीला तर सांगतच नाहीत. नानांनी आईला सांगितलं, आईने मला, मग मी डॉक्टरांना. यातलं काही झालं तरी पंप आपल्या मनाने बंद करू नका, विचारा.

आणि कधी थांबायचं नाही ते. नेहमीपेक्षा जास्त वेळा लागायला लागला, चार तासही पुरेना, बेडक्याचा रंग बदलला किंवा वाढला, तर त्याच दिवशी डॉक्टर. एक वाक्य एका दमात बोलता येत नाही, ओठ निळसर, माणूस गुंगीत किंवा काहीतरीच बोलतोय, किंवा सांगितलेले दाब देऊनही उतार नाही, यातलं एकही असलं तर १०८ला फोन, उद्या सकाळी बघू असं नाही. घरी ऑक्सिजन असेल तर बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर आकडा कमी दिसतो म्हणून कॉक मोठा करायचा नाही. सीओपीडीच्या बऱ्याच पेशंटना तो ८८ ते ९२ टक्के एवढाच ठेवायला सांगतात, जास्त दिला की काहींच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि माणूस झोपेत गेल्यासारखा होतो. फ्लूची आणि न्यूमोनियाची लस आहे, तीही विचारून घ्या.

नाना अजून अधूनमधून मार्केटला जातात. टोळीतले जुने लोक भेटतात, चहा होतो, आणि आता कोणी खिशातून पंप काढला की नाना म्हणतात, "घिऊन दाखव." पण मला त्या जुन्यांइतकीच काळजी आज गोणी उचलणाऱ्यांची वाटते, चाळिशी ओलांडलेल्या, सकाळी खोकून खोकून दिवस सुरू करणाऱ्या आणि जिना चढताना मध्ये थांबून मोबाईल बघितल्याचं दाखवणाऱ्या माणसांची. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर येते आणि एकूण किती येते, एवढंच ती फुंकायची टेस्ट मोजते, पंप देऊन परत फुंकायला लावल्यावरही हे प्रमाण ०.७च्या खाली राहिलं तर सीओपीडी कळतो. मशीन टेबलावर मावतं, चालवायला शिकलेलं माणूस मात्र पाहिजे. हे टेबल मार्केटच्या आत, कामाच्या वेळा बघून लागलं पाहिजे असं माझं म्हणणं आहे, कारण धाप लागते म्हणून रोजगार बुडवून दवाखान्यात जाणारा माथाडी मी फार कमी बघितलाय. मुकादमाने टोळीतले चार-चार जण पाठवले तरी पुष्कळ लोक होतील. आणि त्याच टेबलाशी आणखी एक खुर्ची टाकून त्या ओपीडीतल्या मुलीसारखं कोणीतरी बसवायचं, ज्यांच्याकडे पंप आहे त्यांनी तो काढायचा आणि तिच्यासमोर घ्यायचा.